मांडीचे दुखणे आणि वर्षानुवर्षे चालणारी हाडांची गोळी

साठी-सत्तरी ओलांडलेल्या बाईने मांडी दुखते असे म्हटले की घरात आणि दवाखान्यात त्याची तीनच कारणे सांगितली जातात. टोंगळे झिजले असतील, कमरेची नस दबली असेल, नाहीतर वय झाले असेल. मूर्तिजापूर तालुक्यातल्या ज्या बायकांचे आयुष्य निंदण आणि कापूस वेचणीत गेले, त्यांना हे उत्तर पटतेही, कारण अंग दुखणे त्यांना नवे नाही. बहुतेक वेळा ते उत्तर बरोबरही असते. मात्र काही थोड्या बायकांमध्ये हे दुखणे टोंगळ्याचे नसते आणि कमरेचेही नसते. मांडीच्या हाडाला बाहेरच्या बाजूने एक बारीक भेग पडलेली असते. ती काही आठवडे, कधी काही महिने हळूहळू वाढत जाते आणि एक दिवस उभ्याउभ्या किंवा चालता चालता हाड आडवे मोडते. बाई पडल्यामुळे हाड मोडले असे घरचे सांगतात. प्रत्यक्षात हाड आधी मोडलेले असते आणि त्यामुळे बाई पडलेली असते.

वैद्यकशास्त्रात याला मांडीच्या हाडाचे ‘अटिपिकल फ्रॅक्चर’, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळे फ्रॅक्चर म्हणतात. हाडे मजबूत राहावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधांशी याचा संबंध आहे, आणि म्हणूनच ते डॉक्टरांनाही बुचकळ्यात टाकते. ज्या गोळीने हाड वाचवायचे, तीच फार वर्षे चालू राहिली तर क्वचित एखाद्या बाईचे हाड मोडायला कारण ठरते. हे ऐकून औषध फेकून देणे जितके घातक, तितकेच हे माहीत नसताना औषध दहा-बारा वर्षे चालू ठेवणेही घातक. म्हणून या विषयाची नीट उकल होणे गरजेचे आहे.

नेहमीचे फ्रॅक्चर आणि हे फ्रॅक्चर

म्हातारपणी मोडणारे मांडीचे हाड बहुधा खुब्यापाशी मोडते. न्हाणीत पाय घसरतो, ओट्यावरून तोल जातो आणि खुब्याचा सांधा जिथे आहे तिथे हाडाचे तुकडे होतात. अटिपिकल फ्रॅक्चर त्याच्या खाली, मांडीच्या सरळ दांड्यात होते. खुब्याच्या थोडे खाली किंवा मांडीच्या मध्यावर. हा दांडा शरीरातल्या सर्वांत भक्कम हाडाचा भाग आहे. एरवी तो मोटारसायकलच्या अपघातात किंवा झाडावरून पडल्यावर मोडतो, तेव्हा त्याचे तुकडे होतात किंवा तो तिरका चिरतो.

या फ्रॅक्चरचा एक्स-रे मात्र वेगळा दिसतो. भेग हाडाच्या बाहेरच्या बाजूला सुरू होते आणि आडवी जाते. तुकडे जवळजवळ नसतातच. भेग जिथे सुरू झाली तिथे हाडाची बाहेरची कड थोडी जाड होऊन चोचीसारखी पुढे आलेली असते. ही चोच म्हणजे शरीराने स्वतः भेग भरण्याचा केलेला प्रयत्न. ती दिसली याचा अर्थ हाड काल-परवा नव्हे, बऱ्याच दिवसांपासून तडकत होते.

शेतात उभी असलेली वाळकी पऱ्हाटी हातात घेऊन वाकवली तर ती कुठे आधी तडकते हे वऱ्हाडात कुणाला सांगावे लागत नाही. वाकवलेल्या काडीची बाहेरची बाजू ताणली जाते आणि तडा तिथेच जातो. मांडीचे हाडही सरळ खांबासारखे नसते, ते किंचित बाकदार असते. चालताना शरीराचा भार त्यावर येतो, तेव्हा त्याची बाहेरची बाजू ताणली जाते. त्यामुळे ही भेग नेहमी बाहेरूनच सुरू होते.

हाडाची डागडुजी थांबते तेव्हा

हाड हे दगडासारखे निर्जीव नाही. रोजच्या चालण्याने, ओझ्याने त्यात अतिशय बारीक चिरा पडत असतात आणि शरीर त्या सतत दुरुस्त करत असते. एका प्रकारच्या पेशी जुने, थकलेले हाड खरवडून काढतात आणि दुसऱ्या प्रकारच्या पेशी तिथे नवे हाड भरतात. मातीच्या घराची भिंत लिंपायची तर आधी सुटलेला पापुद्रा काढावा लागतो, तसेच हे काम आहे.

पाळी गेल्यावर स्त्रियांमध्ये खरवडणाऱ्या पेशींचे काम वाढते आणि भरणाऱ्या पेशींना तो वेग गाठता येत नाही. हाड विरळ होत जाते. यालाच ऑस्टिओपोरोसिस किंवा बोलीत हाडे ठिसूळ होणे म्हणतात. बिस्फॉस्फोनेट गटाची औषधे खरवडणाऱ्या पेशींना आवरतात. अ‍ॅलेंड्रोनेट आणि रिसेड्रोनेटची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, आयबॅन्ड्रोनेटची महिन्यातून एकदा घ्यायची गोळी आणि झोलेड्रोनिक अ‍ॅसिडची वर्षातून एकदा लावायची सलाइन, ही सगळी याच गटातली. डेनोसुमॅब हे सहा महिन्यांनी कातडीखाली टोचायचे इंजेक्शन वेगळ्या मार्गाने, पण तेच काम करते.

हाड विरळ होणे थांबते, मणके आणि खुबा मोडण्याचा धोका कमी होतो. हा फायदा मोठा आणि पक्का आहे. परंतु खरवडणे फार वर्षे थांबले की दुरुस्तीही मंदावते. रोजच्या बारीक चिरा भरल्या जात नाहीत आणि त्या साचत जातात. बहुतेक स्त्रियांना त्याने काही होत नाही. ज्यांच्या मांडीच्या हाडावर ताण अधिक पडतो किंवा ज्यांच्या हाडाची दुरुस्ती आणखी काही कारणाने आधीच मंद आहे, त्यांच्यात एखादी चीर वाढत जाऊन भेग होते.

हे कसे लक्षात आले

ऑस्टिओपोरोसिससाठी अ‍ॅलेंड्रोनेटला अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली. पहिली काही वर्षे सगळे ठीक होते. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत उभ्या असलेल्या एका ५९ वर्षांच्या डॉक्टर महिलेने गाडीला धक्का बसताच एका पायावर भार घेतला आणि मांडीचे हाड मोडून त्या खाली कोसळल्या. त्या कित्येक वर्षे अ‍ॅलेंड्रोनेट घेत होत्या. पुढे २००६ मध्ये हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतील डॉक्टरांनी हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्या नऊ रुग्णांमध्ये हाडाची दुरुस्ती जवळपास ठप्प झाल्याचे दाखवले होते. २००७ मध्ये सिंगापूरच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी साध्या पडण्याने मांडीचा दांडा मोडलेल्या १३ स्त्रियांची माहिती दिली. त्यांपैकी नऊ जणी अ‍ॅलेंड्रोनेटवर होत्या.

२०१० मध्ये अमेरिकेतील हाडविषयक संशोधकांच्या समितीने अशी ३१० प्रकरणे एकत्र करून तपासली. त्यांतील ९४ टक्के रुग्णांनी बिस्फॉस्फोनेट घेतलेले होते. सुमारे ७० टक्के रुग्णांना हाड मोडण्याच्या आधी मांडीत किंवा जांघेत दुखत होते. २८ टक्के रुग्णांमध्ये दोन्ही पायांच्या हाडांत बिघाड होता, आणि जवळपास चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांमध्ये हाड जुळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रण यंत्रणेने या औषधांच्या माहितीपत्रकात तशी सूचना छापायला लावली.

या सगळ्यातला ७० टक्क्यांचा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे. हे फ्रॅक्चर बहुतेक वेळा न सांगता येत नाही. ते आधी निरोप पाठवते, तो निरोप कुणी वाचत नाही एवढेच.

कुणाला धोका अधिक

या प्रश्नावरचा आजवरचा एक मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण कॅलिफोर्नियातील एका आरोग्यसेवेतल्या ५० वर्षांवरील १ लाख ९६ हजार १२९ स्त्रियांची नोंद दहा वर्षे ठेवली गेली. त्यांच्यात २७७ अटिपिकल फ्रॅक्चर आढळली. त्याच काळात खुब्याची फ्रॅक्चर ९ हजारांहून अधिक होती. म्हणजे हा प्रकार विरळाच. पण तो कुणात होतो हे त्यातून स्पष्ट झाले.

पहिला आणि सर्वांत ठळक घटक औषधाचा कालावधी. तीन महिन्यांपेक्षा कमी काळ औषध घेतलेल्यांच्या तुलनेत तीन ते पाच वर्षे घेतलेल्यांत धोका सुमारे नऊपट, आणि आठ वर्षे किंवा अधिक घेतलेल्यांत चाळीसपटीहून जास्त. पट मोठी वाटते, कारण मूळ धोका फारच लहान आहे. तरी दिशा एकच आहे : वर्षे वाढली की धोका वाढतो. आपल्याकडे पाळी लवकर जाते. गर्भपिशवीबरोबर अंडाशयही काढलेल्या बायकांची हाडे तर त्याहून लवकर विरळ होऊ लागतात. पन्नाशीत गोळी सुरू झाली आणि कुणी थांबवली नाही, तर पासष्टीला पंधरा वर्षे पूर्ण होतात. हा हिशेब घरोघरी मांडून पाहायला हवा.

दुसरा घटक वंशाचा. याच अभ्यासात आशियाई वंशाच्या स्त्रियांमध्ये धोका गोऱ्या स्त्रियांच्या जवळजवळ पाचपट दिसला. ‘आशियाई’ हा रकाना फार मोठा आहे. चीन, फिलिपिन्स, कोरिया आणि भारत एकाच ओळीत बसवून वऱ्हाडातल्या बाईचा नेमका धोका काढता येत नाही. परंतु आपल्याकडे हा प्रकार पाश्चात्त्यांइतकाच विरळ असेल, असे धरून चालणेही बरोबर नाही. उंची कमी आणि वजन जास्त असणाऱ्या स्त्रियांमध्येही धोका अधिक आढळला.

तिसरा घटक मांडीच्या हाडाचा बाक. आशियाई स्त्रियांमध्ये तो अधिक असतो, असे दिसून आले आहे. हाड जितके बाकदार, तितका त्याच्या बाहेरच्या बाजूवर ताण जास्त. टोंगळे झिजून पाय बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखे वाकलेल्या म्हाताऱ्या बायका आपण रोज पाहतो. अशा बाईला हाडाची गोळीही वर्षानुवर्षे चालू असेल, तर तिच्या मांडीच्या दुखण्याकडे दुप्पट लक्ष द्यायला हवे.

चौथा घटक स्टेरॉइड. वरील अभ्यासात वर्षभर किंवा अधिक काळ स्टेरॉइड घेणाऱ्यांमध्ये धोका वाढलेला दिसला. दम्यासाठी, आमवातासाठी डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड असते तेव्हा निदान त्याची नोंद असते. खरी अडचण नोंद नसलेल्या स्टेरॉइडची आहे. सांधेदुखीवर ‘एका पुडीत आराम’ देणाऱ्या अनेक बिननावाच्या पुड्यांमध्ये आणि मोकळ्या गोळ्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असते. बाईला ते माहीत नसते आणि डॉक्टरांना ती सांगत नाही. चेहरा सुजल्यासारखा गोल होणे, कातडी पातळ होऊन सहज काळेनिळे डाग पडणे, साखर अचानक वाढणे, ही त्याची चिन्हे असू शकतात.

याशिवाय आमवात हा आजार, स्तनाच्या किंवा इतर कर्करोगात हाडांसाठी मोठ्या मात्रेत वारंवार दिलेले झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता यांचाही संबंध दिसतो. ॲसिडिटीच्या गोळ्यांकडेही काही अभ्यासांनी बोट दाखवले आहे. तो संबंध तितका पक्का नाही, पण गरज नसताना त्या वर्षानुवर्षे घेण्याला तसाही आधार नाही.

खारपाणपट्ट्यातली जादा काळजी

मूर्तिजापूर तालुका पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यातील खारे भूजल आणि गावोगावचे मूत्रपिंडाचे रुग्ण हा वर्षानुवर्षांचा चिंतेचा विषय आहे. त्याचा या औषधांशी थेट व्यावहारिक संबंध आहे. बिस्फॉस्फोनेट औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंडाचे काम बरेच घटलेले असेल, तर ही औषधे द्यायची नसतात. विशेषतः झोलेड्रोनिक अ‍ॅसिडच्या सलाइनने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. शिवाय मूत्रपिंड कमजोर झालेल्या माणसाची हाडे वेगळ्याच कारणांनी बिघडलेली असतात आणि त्यांच्यावर ही औषधे अपेक्षेप्रमाणे काम करत नाहीत. म्हणून या भागात हाडांची गोळी किंवा सलाइन सुरू करण्यापूर्वी रक्तातील क्रिएटिनिन तपासणे हा सोपस्कार न मानता गरज मानली पाहिजे.

ड जीवनसत्त्वाचेही तसेच. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांवर पारा जाणाऱ्या वऱ्हाडात ऊन कमी पडते कसे, असा प्रश्न कुणालाही पडेल. पण म्हातारी बाई घरात बसते, बाहेर पडली तर डोक्यापासून पायापर्यंत लुगड्यात असते, आणि आहारात दूध-दही नावापुरते. ड जीवनसत्त्व फारच कमी झाले की हाड मऊ पडते. त्या आजारातही मांडीच्या हाडाला भेगा पडतात, त्या बहुधा आतल्या बाजूला. अशा बाईला ठिसूळ हाडे समजून नुसती बिस्फॉस्फोनेट देत राहिले, तर मूळ आजार तसाच राहतो. आधी ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमची भर, मग गरज असेल तर हाडाचे औषध, हा क्रम मोडू नये. ताक, दही, तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला या गोष्टी कॅल्शियमसाठी आपल्या आवाक्यातल्या आहेत.

म्हणून औषध बंद करायचे काय?

याचे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. खुबा मोडला की म्हातारे माणूस अंथरुणाला खिळते. वर्षभरात दगावणाऱ्यांचे प्रमाण सुमारे पाचात एक इतके आहे. वर सांगितलेल्या अभ्यासातच याचा ताळेबंद मांडला आहे. दहा हजार स्त्रियांनी तीन वर्षे औषध घेतले, तर गोऱ्या स्त्रियांमध्ये खुब्याची १४९ फ्रॅक्चर टळतात आणि दोन अटिपिकल फ्रॅक्चर होतात. आशियाई स्त्रियांमध्ये ९१ टळतात आणि आठ होतात. आशियाई स्त्रियांसाठी सौदा तितका एकतर्फी नाही, पण फायद्याचाच आहे. पहिल्या काही वर्षांत तर निःसंशय.

भीतीची किंमतही जगाने पाहिली आहे. अमेरिकेत अशा फ्रॅक्चरच्या बातम्या झळकल्यावर २००८ ते २०१२ या काळात या गोळ्यांचा वापर निम्म्याहून खाली आला. ज्यांना औषधाची खरी गरज होती, अशांनीही ते सोडले. आपल्याकडे तसे व्हायला नको.

प्रश्न औषध घ्यायचे की नाही हा नसून किती दिवस घ्यायचे हा आहे. बिस्फॉस्फोनेट हाडात मुरते आणि गोळी थांबवल्यावरही काही वर्षे काम करत राहते. अ‍ॅलेंड्रोनेट पाच वर्षे घेऊन थांबलेल्या आणि दहा वर्षे घेत राहिलेल्या स्त्रियांची तुलना २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. मणक्यांची दुखरी फ्रॅक्चर थांबलेल्यांमध्ये थोडी अधिक होती. बाकीच्या हाडांच्या बाबतीत फरक दिसला नाही. दुसरीकडे, औषध थांबवल्यावर अटिपिकल फ्रॅक्चरचा धोका झपाट्याने उतरतो. स्वीडनच्या २०११ च्या अभ्यासात तो दरवर्षी सुमारे ७० टक्क्यांनी घटताना दिसला. म्हणूनच गोळी पाच वर्षे किंवा सलाइन तीन वर्षे झाली की थांबून पुन्हा विचार करायचा, असा आता सर्वमान्य प्रघात आहे. आधी खुबा किंवा मणका मोडलेला असेल, हाडांची घनता अजून फार कमी असेल, तर औषध पुढे चालू राहते. बाकीच्यांना काही वर्षांची सुटी देता येते.

एक अपवाद प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. डेनोसुमॅबचे सहामाही इंजेक्शन असे मध्येच सोडता येत नाही. ते सोडल्यावर हाड वेगाने विरळ होते आणि एकापाठोपाठ एक मणके मोडू शकतात. ते थांबवायचे तर त्याजागी दुसरे औषध द्यावे लागते. वर्तमानपत्रात वाचून हे इंजेक्शन कुणीही आपल्या मनाने चुकवू नये.

कुठे चुकते

तालुक्याच्या गावात औषधाची वाट कशी असते ते पाहिले की चूक कुठे होते ते कळते. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली. पुढे तीच चिठ्ठी मेडिकलवाल्याला दाखवून गोळी येत राहिली, किंवा पुण्याच्या मुलाने कुरिअरने पाठवली. गावातल्या डॉक्टरांकडे बाई बीपी-शुगरसाठी जाते. ते विचारतात, रोज कोणत्या गोळ्या घेता? बाई रोजच्या गोळ्या सांगते. आठवड्याची गोळी रोजची नसते, वर्षाची सलाइन तर गोळीच नसते. त्यामुळे नेमके हेच औषध सांगायचे राहून जाते.

दुसरी चूक एक्स-रेची. मांडी दुखते म्हणून टोंगळ्याचा एक्स-रे निघतो, त्यात झीज दिसते आणि तपास तिथेच संपतो. म्हाताऱ्या टोंगळ्यात झीज दिसणारच. भेग मात्र मांडीच्या मध्यावर असते आणि ती ना टोंगळ्याच्या फोटोत येते, ना खुब्याच्या. मग मालिश, शेक, कमरेचा पट्टा, दुखण्याची गोळी यात महिने जातात.

तिसरी चूक दुसऱ्या पायाची. एक पाय मोडून ऑपरेशन झाले की सगळ्यांचे लक्ष त्या पायावर असते. दुसऱ्या मांडीत तशीच भेग वाढत असू शकते, आणि मोडलेल्या पायाला जपताना सगळा भार तिच्यावर पडतो. कधी कधी तर ऑपरेशननंतर तीच हाडांची गोळी पुन्हा लिहून दिली जाते.

चौथी गोष्ट शिबिरांची. टाचेवर यंत्र लावून ‘हाडांची मोफत तपासणी’ होते आणि कागदावर लाल पट्टा आला की बाई घाबरून औषध सुरू करते. टाचेची तपासणी ही फार तर चाळणी आहे. खुबा आणि कमरेची डेक्सा तपासणी, वय, आधीची फ्रॅक्चर, स्टेरॉइडचा वापर हे सगळे पाहूनच उपचार ठरतो. ज्या बाईला औषधाची गरज नव्हती, तिच्या वाट्याला आलेला थोडासाही धोका हा फुकटचा आहे.

काय करता येईल

यासाठी नवी इमारत लागत नाही की नवे यंत्र लागत नाही. हाडाचे औषध लिहिणाऱ्या प्रत्येक डॉक्टराने चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहाव्यात : औषध कोणत्या महिन्यात सुरू केले, कशासाठी, आणि पुन्हा विचार कोणत्या वर्षी करायचा. औषध दुकानदाराने तारीख उलटून गेलेली चिठ्ठी दिसली तर बाईला डॉक्टरांकडे पाठवावे. सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात साठीपुढील स्त्रियांना वेगळे विचारले जावे : आठवड्याची, महिन्याची गोळी घेता का? वर्षाची सलाइन लावली होती का? सहा महिन्यांचे इंजेक्शन घेता का? आणि मांडीत किंवा जांघेत दुखते का?

आशा सेविका तीस वर्षांवरील प्रत्येकाचा आरोग्य जोखमीचा तक्ता भरतातच. वयस्क स्त्रियांसाठी त्यात हा मांडीचा एक प्रश्न वाढवायला हरकत नाही.

उत्तर ‘हो’ आले तर पुढचे पाऊल ठरलेले आहे. खुब्यापासून टोंगळ्यापर्यंत पूर्ण मांडीचा, दोन्ही पायांचा, साधा एक्स-रे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत, त्यामुळे खर्चाची सबब उरत नाही. एक्स-रे स्वच्छ असला तरी दुखणे कायम असेल, तर एमआरआयसाठी अकोला किंवा अमरावतीला पाठवावे. तोवर बाईने काठी किंवा वॉकर घ्यावा. पाण्याची घागर, सरपणाचा भारा उचलू नये.

भेग सापडली तर बिस्फॉस्फोनेट थांबवले जाते, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम भरून काढले जाते, आणि भेग मोठी किंवा दुखरी असेल तर हाड मोडण्याआधीच आत रॉड बसवला जातो. ते ऑपरेशन ठरवून, बाई चालती-फिरती असताना होते. हाड मोडल्यावर तोच रॉड बसवावा लागतो, पण तेव्हा हाड जुळायला कितीतरी महिने लागू शकतात आणि एवढ्या काळात सत्तरीच्या बाईचे चालणे कायमचे सुटण्याची भीती असते. हा फरक एका वेळीच काढलेल्या एक्स-रेचा आहे.

घरच्यांचे कामही थोडे आहे. आईच्या, सासूच्या औषधांच्या पिशवीतून सगळ्यात जुनी चिठ्ठी काढून तारीख पाहावी. पाच वर्षे उलटून गेली असतील तर गोळी आपल्या मनाने बंद न करता ती चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जावे. आणि ती ‘मांडी दुखते’ म्हणत असेल, तर वयाकडे बोट न दाखवता या आठवड्यातच जावे.